जोर कुठल्या अक्षरावर

पहिल्याच दिवशी दातार मॅडमनी स्वतःची ओळख करून दिली ती अशी : "मी इंग्लिश टीचर." मग पेनाचं टोपण टेबलावर आपटून म्हणाल्या, "जोर 'इंग्लिश'वर दिला, तर मी इंग्रजी शिकवणारी बाई. तोच जोर 'टीचर'वर दिला, तर मी विलायतेहून आलेली मडम. शब्द तेच, पण दुसरीला पगार जास्त. तेव्हा जोर सांभाळून द्या. उगाच माझी बढती करू नका."

कोणी हसलं नाही. आमच्या तुकडीत निम्मे यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाकडचे होते. पुण्यात समोरचा विनोद करतोय की अपमान, हे कळायला निदान एक उन्हाळा काढावा लागतो. मी दारव्ह्याची, स्मिता राऊत. महिनाभरापूर्वीच बॅग घेऊन उतरले होते आणि रिक्षावाल्यापासून घरमालकिणीपर्यंत प्रत्येकानं माझ्या 'पानी'चं 'पाणी' करून दिलं होतं.

आमची कंपनी खराडीच्या पुढे, एका काचेच्या इमारतीत. विलायतेतल्या लोकांच्या घरी कपडे धुण्याचं यंत्र बंद पडलं, पाणी तापवायचा बॉयलर पेटेनासा झाला, की त्यांचा फोन आमच्याकडे वाजायचा. दुपारी बसायचं, रात्री सुटायचं. पण फोनला हात लावण्याआधी सहा आठवडे दातार मॅडमच्या हाताखाली काढायचे, मग काही दिवस कच्च्या नोकरीवर फोन घ्यायचे आणि शेवटी मॅडमकडून उच्चाराच्या परीक्षेत पास व्हायचं, असा नियम. त्यांच्या शेऱ्याशिवाय कोणी कायम होत नसे.

मॅडम तेव्हा पन्नाशीच्या असतील. इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, केस घट्ट मागे ओढलेले. पूर्वी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होत्या. दर उन्हाळ्यात त्यांची नेमणूक संपायची आणि पावसाळ्यात पुन्हा मिळायची. मध्ये एकदा कायम होण्याची संधी आली, ती दुसऱ्याच कोणाला मिळाली. याबद्दल त्या एकच वाक्य बोलायच्या : "अठरा वर्षं मी त्या कॉलेजात पाहुणी होते. शेवटी पाहुणीलाच लाज वाटली." मग त्या इथे आल्या. इथे त्यांना टेबल होतं, नावाची पाटी होती आणि त्या म्हणतील तो उच्चार होता.

शिकवायच्या मात्र विलक्षण. लांबलचक शब्द फळ्यावर लिहायचा, त्याचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा वेगळा म्हणायला लावायचा आणि मग जोडायचा. "शब्द भाकरीसारखा मोडायचा, कुस्करायचा नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही 'टेम्परेचर' चार दणके देऊन म्हणायचो. त्या म्हणायच्या, "मधलं एक अक्षर गिळा. इंग्रज गिळतो. तो कंजूष नाही, घाईत आहे." 'वॉशिंग मशीन'मध्ये आम्ही दोन्ही शब्द सारख्या जोरानं म्हणायचो. मॅडम कपाळाला हात लावायच्या.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुमची अडचण मला माहीत आहे. मराठीत सगळी अक्षरं एका पंगतीला बसतात. सगळ्यांना सारखं वाढतात. इंग्रजीत तसं नाही. तिथे एकच जेवतो, बाकीचे उभे."

मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "आमच्याकडे मराठीतबी तसंच होतं, मॅडम."

दोघंतिघं हसले. बाकीचे हसले नाहीत. मॅडमनी मान वर केली. "कोण बोललं?"

एक सावळी, किरकोळ बांध्याची मुलगी उभी राहिली. "मी. रजनी मेश्राम."

मॅडम तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं आता फाडून खाणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बसा." आणि फळा पुसायला वळल्या. त्यानंतर पंगतीचं उदाहरण मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी नवीन काढलं : "'वॉशिंग मशीन'सारख्या जोडनामात पहिला शब्द घरमालक, दुसरा भाडेकरू. आवाज घरमालकाचा. भाडेकरूनं खाली मान घालून जिना चढायचा." यावर मात्र सगळे हसले, कारण सगळे भाडेकरू होतो.

रजनी आणि मी एकाच खोलीत राहायला लागलो. ती चंद्रपूरकडची. बाप कोळशाच्या खाणीवर होता, आई अंगणवाडीत. बी.एस्सी. झालेली, डोकं तल्लख. यंत्रांची माहितीपुस्तकं आम्ही पाठ करायचो, ती समजून घ्यायची. कुठला दिवा लुकलुकला म्हणजे काय बिघडलं, कुठला आवाज धोक्याचा आणि कुठला नुसता बॅटरी संपल्याचा, हे तिला विचारायला जुने लोकही यायचे. पण तोंड उघडलं की प्रत्येक अक्षर ठोकून बसवल्यासारखं. "वं स्मिता," ती मला म्हणायची, "त्या बाईले जे ऐकू येते, ते मले ऐकूच येत नाही. मी काय करू?"

एक गोष्ट मात्र मॅडमच्या बाजूनं सांगायला हवी. आमच्या मराठीला त्यांनी कधी हात लावला नाही. एकदा तुकडीतला एक पुणेरी मुलगा रजनीच्या 'मले-तुले'ची नक्कल करत होता. मॅडमनी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि 'व्हेंटिलेशन' म्हणायला लावलं. तो चुकला. पुन्हा लावलं. पुन्हा चुकला. घाम फुटेपर्यंत त्याला उभा ठेवला आणि मग म्हणाल्या, "मराठी हे यांचं घर आहे. तिथे मी बोलावल्याशिवाय जात नाही. आपणही जाऊ नये. इंग्रजी ही नोकरी आहे. तिथे मी सगळ्यांच्या डोक्यावर बसणार, तुमच्यासकट." रजनीला त्या दिवशी मॅडम आवडल्या. खोलीवर आल्यावर ती म्हणाली, "ही बाई खडूस आहे, पण सारखी खडूस आहे."

सहा आठवड्यांनी आम्हाला फोनवर बसवलं, कच्च्या नोकरीवर. निकाल लागेपर्यंतचे सगळे फोन ध्वनिमुद्रित व्हायचे आणि मॅडम ते ऐकून गुण द्यायच्या. याच काळात रजनीला तो फोन आला.

पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. एकटे राहणारे. त्यांचं म्हणणं, बॉयलर नीट चालत नाही, माणूस पाठवा, आणि डोकं फार दुखतंय, जरा लवकर पाठवा. ते बोलत असताना मागे बारीक पिपाणीसारखा आवाज सारखा येत होता. आमच्यापैकी दुसरं कोणी असतं तर तक्रार नोंदवून, दोन दिवसांनी माणूस येईल म्हणून फोन ठेवला असता. रजनीनं त्या आवाजावर कान दिला. तो बॅटरीचा नव्हता. घरात विषारी वायू साठला की वाजतो, तो होता.

तिनं त्यांना सांगितलं की तुमचा कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर वाजतोय, खिडक्या उघडा आणि आधी घराबाहेर पडा. पण त्या नावात खरा जोर पडायला हवा 'नॉक'वर. तो तिनं दिला नाही. आपण शाळेत म्हणतो तसं 'मोनो' वेगळं, 'ऑक्साइड' वेगळं, सगळं सारख्या आवाजात. म्हातारबुवा म्हणाले, माझं काय? तिनं पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, बाळ, मला कळत नाहीये तू काय म्हणतेयस. तिसऱ्यांदा ती जवळजवळ ओरडली. तेव्हा त्यांना कळलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, आणि मग फोन तसाच पडून राहिला.

माणूस वाचला. गळती खरीच होती. काही दिवसांनी त्यांच्या मुलीनं आभाराचा ईमेल पाठवला, तो साहेबांनी सगळ्यांना वाचून दाखवला, टाळ्या झाल्या. रजनीनं घरी फोन करून आईला सांगितलं. आईला किती समजलं कोण जाणे, पण ती रडली.

त्याच शुक्रवारी मॅडमनी निकाल सांगितले. मला म्हणाल्या, "राऊत, उत्तम नक्कल. पास." नक्कल हा शब्द मला तेव्हा टोचला नाही. मी खूश होते.

मग रजनी. "मेश्राम, नापास."

रजनी म्हणाली, "मॅडम, तो माणूस बाहेर गेला ना? वाचला ना?"

"वाचला."

"मग?"

"तिसऱ्यांदा सांगितल्यावर गेला. घरात विष भरलेलं असताना माणसाला तीनदा सांगावं लागलं. पुढचा माणूस दुसऱ्यांदाच फोन ठेवील. मग आपण काय करणार?"

"पण आवाज मी ओळखला, मॅडम. दुसऱ्या कोणी ओळखला नसता."

"कानाची परीक्षा असती तर आपण पहिल्या आला असता," मॅडम म्हणाल्या. "ही तोंडाची आहे."

नियमाप्रमाणे आठवड्यानं आणखी एक संधी मिळाली. त्या आठवड्यात रजनी खोलीत भिंतीकडे तोंड करून तो शब्द म्हणत बसायची. मो-नॉक-साइड. डि-टेक-टर. मी ऐकायचे, तिला बरोबर जमत होतं. पण परीक्षेच्या खोलीत मॅडमनी टोपण आपटलं आणि तिचा आवाजच निघेना. नुसती उभी राहिली. मॅडमनी पाणी दिलं, बसवलं, वाट पाहिली. शेवटी त्यांनी शेरा लिहिला. त्या संध्याकाळी रजनीनं ओळखपत्र जमा केलं.

मी मॅडमशी महिनाभर कामापुरतंच बोलले. त्यांनी ते ओळखलं. एकदा बसमध्ये शेजारी येऊन बसल्या आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "राग धरायचा तर नीट धरा. मध्येच नमस्कार करू नका, माझा गोंधळ होतो." मग खडकीला उतरून गेल्या.

वर्षं गेली. मी कायम झाले, मग पंधरा जणांची प्रमुख झाले. मॅडमच्या हाताखालून तुकड्या जात राहिल्या. आणि एके दिवशी साहेबांनी आम्हाला बोलावून नवीन सॉफ्टवेअर दाखवलं. इकडे आपण बोलायचं, आपल्याला येईल तसं. मधलं यंत्र ते क्षणात बदलतं आणि पलीकडच्याला त्याच्या गावच्या माणसानं बोलावं तसं ऐकू येतं. आवाज आपलाच, उच्चार त्यांचा.

पण यंत्र लांब नावांना अडखळत होतं. उपकरणांची, सुट्या भागांची ती तीन-तीन, चार-चार शब्दांची जोडनामं; जोर कुठे पडायचा हे त्याला कळेना. मग ते काम दातार मॅडमना दिलं. काचेच्या एका खोलीत त्या दिवसभर कानाला हेडफोन लावून बसायच्या. शब्द मोडायचा, जोराची खूण करायची, यंत्राकडून म्हणवून घ्यायचा, चुकला तर पुन्हा. इतक्या आनंदात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मला म्हणाल्या, "राऊत, एकदा सांगितलं की विसरत नाही हो हे. तुमच्यासारखं नाही. शिवाय रजेवर जात नाही आणि लग्न ठरलं म्हणून सोडून जात नाही."

मी विचारलं, "मॅडम, हे सगळं शिकून झालं की मग?"

"मग काय. मला विलायतेला पाठवतील. बॉयलर दुरुस्त करायला."

पुढे मला कळलं की त्यांना पुढचं सगळं दिसत होतं. त्यांनीच एकदा सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसल्या होत्या, पोळीचा तुकडा हातात तसाच. म्हणाल्या, "परवा एका शब्दावर मुद्दाम चुकीची खूण केली. म्हटलं, बघू या तरी. मग घरी गेले, रात्रभर झोप नाही. सकाळी आल्याबरोबर दुरुस्त केली." मग म्हणाल्या, "चुकीचं शिकवायला हात वळत नाही माझा. हा गुण नाही, रोग आहे."

यंत्र शिकलं. दोन महिन्यांत उच्चाराचा वर्गच बंद झाला. मॅडमना बोलावून घेतलं, तेव्हा मनुष्यबळ विभागातली एक तरुण मुलगी समोर होती. सोबत साक्षीला म्हणून मला बसवलेलं. मुलीनं कागद पुढे सरकवला आणि घाईघाईनं सांगितलं की आपलं पद रिडंडंट झालं आहे, म्हणजे आता त्याची गरज उरलेली नाही. 'रिडंडंट' ती पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हणाली.

मॅडमनी सही केली. पेनाचं टोपण लावलं. "रि-डन्-डंट," त्या शांतपणे म्हणाल्या. "जोर दुसऱ्या अक्षरावर. पुढच्या माणसाला काढताना उपयोगी पडेल."

मुलगी ओशाळून हसली. संध्याकाळी केक कापला. त्यावर क्रीमनं मॅडमचं नाव लिहिलं होतं, 'दातार'च्या जागी 'दातर'. त्यांनी बरोबर त्या अक्षरातून सुरी फिरवली, पहिला तुकडा मला दिला आणि कोणाचा निरोप न घेता बस पकडली.

पुढच्या सोमवारी नवी तुकडी थेट फोनवर बसली. शिकवणी नाही, परीक्षा नाही. एक मुलगा 'कार्बन मोनो-ऑक्साइड' म्हणाला, थेट रजनीसारखं, आणि पलीकडच्या बाईला पहिल्या खेपेला समजलं. मी त्याच्या मागे उभी होते. आठ वर्षांपूर्वी एका मुलीला ज्या शब्दापायी घरी पाठवलं, तो शब्द आता कसाही म्हटला तरी चालत होता. त्या दिवशी मी मॅडमना मनातल्या मनात जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "राऊत, मेश्राम कुठे असतात?"

रजनी पुण्यातच होती. बिबवेवाडीला. लग्न झालं होतं, एक मुलगी होती, आणि एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर ती बसत असे. आमचं दिवाळीला बोलणं व्हायचं, तेवढंच. मी म्हटलं, "कशासाठी, मॅडम?"

"आता परीक्षा नाही. मग त्यांना घ्यायला काय हरकत आहे? तुम्ही शिफारस करा. मी त्यांना सांगते."

"तुम्ही?"

"नापास मी केलं. मग सांगायला काय शिपाई पाठवू?"

एका सकाळी आम्ही दोघी स्वारगेटला भेटलो आणि रिक्षानं बिबवेवाडीला गेलो. लॅब म्हणजे दुकानाचा एक गाळा, वर पाटी, आत बाकावर माणसं. काउंटरमागे रजनी. अंगानं भरली होती, चष्मा लागला होता. समोरच्या आजोबांना ती समजावून सांगत होती, "बाबा, ही ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट आहे. उपाशीपोटी यायचं. आधी एकदा रक्त घेऊ, मग गोड पाणी देऊ, मग पुन्हा घेऊ." प्रत्येक अक्षर पूर्वीसारखंच ठोकून बसवलेलं. आजोबांनी मान हलवली. त्यांना एका फटक्यात कळलं होतं. मी तिरक्या नजरेनं मॅडमकडे पाहिलं. त्या पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या.

रजनीनं वर पाहिलं आणि तिचा चेहरा क्षणभर कोरा झाला. "मॅडम? या ना. रक्त द्यायचं आहे का?"

"नाही. तुमच्याशी बोलायचं आहे."

तिनं सहकाऱ्याला काउंटरवर बसवलं आणि आम्ही शेजारच्या अमृततुल्यमध्ये जाऊन बसलो. मॅडमनी सरळ विषय काढला. यंत्र आलं आहे, उच्चाराची अट गेली आहे, राऊत प्रमुख आहेत, अर्ज करा. अगदी वर्गात सांगत तसं, मुद्द्याला धरून.

रजनीनं चहाचा ग्लास फिरवला. "म्हणजे तेव्हाचं नापास आता रद्द झालं?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा तो माणूस आणि आपण, मध्ये कोणी नव्हतं. तो फोन आज ऐकला तरी मी तोच शेरा देईन."

मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. एवढ्या लांब येऊन हे सांगायचं होतं?

पण रजनी शांत होती. "मले माहीत आहे मॅडम. तुमचं बरोबरच होतं. तुम्ही चुकल्या असत्या ना, तर मी तुम्हाला शिव्या दिल्या असत्या आन् दुसरीकडे नोकरीला लागली असती. स्मिताले विचारा, चार कंपन्या घ्यायला तयार होत्या. मी गेलीच नाही. तुम्ही बरोबर होत्या म्हणून गेली नाही. त्या दिवसापासून मी कोणाशी इंग्रजीत एक वाक्य बोलली नाही. मुलीच्या शाळेतबी नवऱ्याले पाठवते."

अमृततुल्यवाला ग्लास विसळत होता, त्याचा आवाज होत होता. मग मॅडम म्हणाल्या, "आपण त्या माणसाचा जीव वाचवलात. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं."

"नाही म्हटलं तुम्ही."

"नाही म्हटलं. आज म्हणते."

"आज म्हणून काय होते, मॅडम?" रजनीचा स्वर चढला नव्हता. खरोखरच विचारत होती. "आन् त्या मशीनमधून बोलायचं, तर पलीकडे ऐकू येणार ती मी नसणारच. मग मी कशाले पाहिजे? त्यापेक्षा इथं बरं. इथं लोकांना माझं समजते."

काउंटरवरून तिला हाक आली. ती उठली, चहाचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत, आणि मॅडमना वाकून नमस्कार करून गेली. तो नमस्कार मॅडमना झेपला नाही. त्या बाकावर तशाच बसून राहिल्या. मी म्हटलं, "चला, मॅडम." त्या म्हणाल्या, "राऊत, आपण पुढे व्हा. मला बस माहीत आहे." मी रागातच होते. मी गेले.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही. पावसाळा संपता संपता ऑफिसच्या ग्रुपवर निरोप आला, दातार मॅडम गेल्या. काविळीचं निमित्त झालं, दवाखान्यात थोडे दिवस होत्या. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि त्यामागून कोणीतरी शिफ्टचं वेळापत्रक टाकलं. मी रजनीला फोन करून सांगितलं. ती "बरं" म्हणाली. एवढंच.

पुढच्या रविवारी मी खडकीला त्यांच्या घरी गेले. घर मी प्रथमच पाहत होते. दातारकाका तिथल्याच दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले गृहस्थ. दोघंच राहायचे. बाहेरच्या खोलीत नातेवाईक बसले होते. काकांनी मान हलवून मला बसायला सांगितलं. कोण, कुठली, विचारलं नाही. अशा वेळी विचारत नाहीत. नातेवाईक बिलांबद्दल, मृत्यूच्या दाखल्याबद्दल बोलले आणि उठून गेले. मीही उठण्याच्या बेतात होते, तोच दारात रजनी आली. बिबवेवाडीहून बस बदलत आली होती. पदरानं कपाळ पुसत उंबऱ्याशी थांबली.

"या," काका म्हणाले. "आपण?"

"रजनी मेश्राम."

काका खुर्चीत पुढे सरकले. "लॅबमधल्या? बिबवेवाडीच्या?"

रजनीनं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच सांगितलं की मी काही बोललेली नाही.

"बसा, बसा," काका म्हणाले. "ही तुमचं नाव घेत असे. तुमचं, साताऱ्याच्या कोणा शिंद्यांच्या मुलाचं, आणखी एक लातूरची मुलगी होती तिचं. सगळे नापास झालेले. त्या पंधरा वर्षांत पास किती झाले असतील, पण मला त्यातल्या एकाचंही नाव ठाऊक नाही."

"काय म्हणायच्या?" रजनीनं विचारलं.

"म्हणायची काही नाही हो. जेवता जेवता नुसतं नाव घ्यायची आणि घास तसाच ठेवायची. मी विचारलं तर म्हणायची, वाढा तुम्ही."

रजनीनं पदर तोंडाला लावला. काका तिच्याकडे बघत राहिले, मग काहीतरी सुचल्यासारखं माझ्याकडे वळले. "आणि आपण?"

"मी पास झाले होते," मी म्हटलं.

"असं का," काका म्हणाले, आणि रजनीसाठी पाणी आणायला आत गेले.